ओझेला बॅटल यांची साक्ष

मी, लायल एमरी फॉसेट, वय एक्याऐंशी, राहणार वॉशिंग्टन, केंद्रीय न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागातील निवृत्त वकील. गुडघे गेले, बुद्धी शाबूत आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगी कोरीन हिला. माझ्या दौऱ्यांपायी तिचे अकरा वाढदिवस बापाविना गेले. त्याची भरपाई यात होत नाही, हे मी जाणतो.

२. मिसिसिपीतील आईच्या घराचा माझा अर्धा हिस्सा भाऊ ड्यूई याला. मी काळ्या लोकांच्या मताधिकाराचे खटले लढवतो म्हणून आईच्या अंत्यविधीला त्याने मला दारातच अडवले. "तू सरकारचा माणूस. आमचा नाहीस." ते मी विसरलेलो नाही. पण शेवटच्या दुखण्यात आईला पाणी त्याने पाजले, मी नाही. घर त्याचेच.

३. माझ्या टिपणवह्या दक्षिणेतल्या टालबर्ट काउंटीच्या, म्हणजे त्या जिल्ह्याच्या, वाचनालयाला. मागेल त्याला वाचू द्याव्यात. त्यांतली १९६२ची वही आधी वाचावी.

त्या वर्षी मी तिथल्या काळ्या शिक्षिका ओझेला बॅटल यांच्याकडे साक्ष मागायला गेलो. मतदार यादीत नाव घालायला तिथे राज्यघटनेतल्या एखाद्या कलमाचा अर्थ सांगण्याची परीक्षा असे; त्या परीक्षेत नोंदणी अधिकाऱ्याने त्यांना सहा वेळा नापास केले होते. त्यांनी विचारले, "मी बोलले, तर तुमचं सरकार मला सांभाळेल?"

मी म्हणालो, "नाही. तेवढी ताकद आमच्याकडे नाही."

"बरं झालं, खरं बोललात. येईन मी साक्षीला."

सुनावणीच्या आठवडाभर आधी त्यांची नोकरी गेली. तरी आल्या. राज्याचा वकील म्हणाला, "ओझेला, तुला कलमाचा अर्थ सांगता आला नाही ना?"

"मिसेस बॅटल म्हणा. आणि अर्थ आत्ताही सांगते."

सांगितला, शब्द न् शब्द. न्यायाधीशांनी मग तेच कलम नोंदणी अधिकाऱ्यापुढे ठेवले. तो दुसऱ्याच ओळीत अडखळला, घामाघूम झाला. कोर्टात कोणी हसले. बाई वळून म्हणाल्या, "हसू नका." मग त्याला म्हणाल्या, "सावकाश वाचा. घाई नाही."

चौतीस वर्षांच्या नोकरीत एवढे मोठे माणूस मी पुन्हा पाहिले नाही. दीड वर्षाने निकाल आमच्या बाजूने लागला. त्याच अधिकाऱ्याला त्यांचे नाव यादीत लिहावे लागले. शाळेने मात्र त्यांना परत घेतले नाही.

४. माझ्या अंत्यविधीत माझ्या धैर्याबद्दल कोणी बोलू नये. मला पगार होता आणि परतीचे तिकीट होते.

५. टेबलाच्या खणातील पोस्टकार्ड बाईंची मुलगी व्हर्डेल हिला द्यावे. मजकूर असा: "वकीलसाहेब, आज मत दिलं. रांगेत चार तास गेले, पाय फार दुखले. घरी येऊन बादलीत पाय बुडवले आणि एकटीच हसत बसले."

वरील मजकूर मी स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली. त्यांनीही माझ्या समक्ष केली.

लायल ई. फॉसेट
साक्षीदार: १. विन्स्टन ओकाफोर, शेजारी. २. मर्ना डेलॅक्रॉय, परिचारिका.
वॉशिंग्टन, ९ मार्च २०११