आईचा चेंडू

४ मे

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि. इकडे सगळे ठणठणीत आहेत, तुझी डिस्क तेवढी आजारी आहे.

अरे, क्लबच्या कपाटात सापडलेली आईच्या टेबल टेनिस फायनलची टेप तू डिस्कवर उतरवून पाठवलीस, म्हणून आम्ही खुर्च्या मांडून बसलो. सेक्रेटरींचं भाषण काय लख्ख दिसलं! आणि सामना सुरू झाल्यावर आईचा चेहरा नुसता चौकोनी तुकड्यांचा, चेंडू तर गायबच! आई आणि समोरची ती उंच टायपिस्ट, दोघी बॅट घेऊन हवेत डास मारत होत्या. बाबा हसून हसून बेजार.

तुला माहीतच आहे, पंच बाबाच होते. शेवटचा फटका टेबलाच्या कडेला लागला आणि मीच जिंकले होते, असं आई लग्नाच्या आधीपासून सांगतेय. चेंडू बाहेर गेला, पंचांचा निर्णय अंतिम, हे बाबांचं पालुपद. आता खरं काय ते दाखवायचंच म्हणून तिने महिनाअखेरच्या रविवारी क्लबातल्या सगळ्या मैत्रिणींना हौसेने बोलावलंय. कालपासून मात्र म्हणते, उगाच बोलावलं, सगळ्यांसमोर शोभा होणार. मला तिचं तोंड बघवत नाही. काहीतरी कर बाबा.

लोभ आहेच, तो टिकवणं तुझ्या हातात.
तुझी,
ताई

१६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि. कान धरलेत, मारू नकोस. चेंडू मीच खाल्ला.

जुन्या टेपवर मुंग्या फार, पांढरे ठिपके नुसते वळवळतात. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून मी मुंग्या पुसणारं फिल्टर पार टोकाला नेलं. त्या शहाण्याला चेंडूही मुंगीच वाटला, दिला पुसून! वर भाषणं, बक्षिसं, चहापान, सगळं एकाच डिस्कवर कोंबलं. डिस्कवरची जागा ठरलेली असते. जितकं जास्त भराल तितकी प्रत्येकाच्या वाट्याला कमी. भाषण करणारा हलत नाही, त्याचं थोडक्यात भागतं. आई टेबलाभोवती अशी नाचते की तिला जागा पुरेना, म्हणून तिचे तुकडे.

सोबतच्या नव्या डिस्कवर सेक्रेटरींना रजा दिली, फक्त सामना घेतला. फिल्टर जवळजवळ बंद. थोड्या मुंग्या दिसतील, दिसू देत. आणि घाईघाईत एका फेरीत न उरकता दोन फेऱ्या केल्या: पहिल्या फेरीत कॉम्प्युटर सामना नुसता बघतो, धावपळ कुठे आहे ते हेरतो, दुसऱ्या फेरीत तिथे सढळ हाताने जागा देतो. ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, एवढे लाड कुणाच्या लग्नाचे चाललेत? मी सांगितलं, लग्नाच्या आधीच्या भांडणाचे.

पहिले काही फटके तपासले, चेंडू दिसतोय. शेवटचा मुद्दाम बघितला नाही. आईच्या आधी आपण बघणं बरं दिसत नाही. बाहेर गेला असला तर तिला सांभाळ.

तुझ्या रागाइतकीच माया असू दे.
तुझा,
ठोंब्या

२९ मे

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद आणि पाठीवर सणसणीत शाबासकी.

दिसला रे, चेंडू दिसला! आईसुद्धा चांगली अख्खी आहे, वेणी उडते तीही नीट दिसते. शेवटचा फटका आला तेव्हा तिने माझा हात असा आवळला की नखं रुतली. चेंडू कडेला टेकला आणि चक्क दिशा बदलून खाली गेला. मागे नेऊन पाहिलं, थांबवून पाहिलं. कडेलाच! मैत्रिणींनी घर डोक्यावर घेतलं. उंच टायपिस्टबाईंनी हार मान्य करून आईला मिठी मारली. बाबा निर्णय अंतिम असल्याचं पुटपुटले, पण आवाजात काही दम नव्हता.

मग त्यांना पुरतं पकडायचं म्हणून आईने पंचांची खुर्ची बघायला परत मागे नेलं. आधीच्या डिस्कवर तिथे नुसता ढग होता, आता बाबांचे डोळेसुद्धा दिसतात. अरे, चेंडू कडेला लागतो तेव्हा हे गृहस्थ टेबलाकडे बघतच नाहीयेत! आईकडे बघतायत, तोंड उघडं टाकून, आणि तसेच बघत बघत चेंडू बाहेर देतात! आमची मुरकुंडी वळली. आई खेकसली, पंच म्हणून बसला होतात की कशाला? बाबा म्हणाले, कशाला ते आता सगळ्यांना दिसलंच की. आई लाजली रे, या वयात! मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं.

सगळ्यांचा लोभ तुझ्यावर उतू चाललाय, जपून ठेव.
तुझी,
ताई

ता. क. आईचं फर्मान आहे, तेवढाच तुकडा वेगळ्या डिस्कवर ऐसपैस जागेत उतरवून पाठव. चेंडू नाही दिसला तरी चालेल म्हणते.