कोणाचा ब्लाऊज ते विचारू नये

आखाडा बाळापूर,
रविवार, दुपार (लाईट गेलेली)

चि. पल्लवीस आत्याचा सप्रेम जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्रास कारण की, मी तुझ्यावर लई रागावले आहे. तरी रीत म्हणून आधी तब्येतीचं विचारते. खोकला गेला का? ऑफिसातला एसी तुझ्या डोक्यावरच आहे म्हणत होतीस, तर जागा बदलून माग, भिडेखातर आजारी पडू नको. दादाचा बीपी आणि वहिनीचे गुडघे बराबर असतील अशी आशा आहे. इकडं तुझ्या मामांची (म्हणजे आमच्या ह्यांची) तब्येत ठणठणीत आहे, कारण तकलीफ सगळी माझ्या वाट्याला आली. तू म्हणशील, फोन सोडून आत्या पत्र काहून लिहून राहिली? तर फोन मी ज्वारीच्या कोठीत ठेवला आहे आणि तो तिथंच बरा आहे. हे पत्र तुझ्या साखरपुड्याच्या ब्लाऊजसोबत पार्सलात घालून राहिले. ब्लाऊज नंतर बघ. आधी हे वाच, सगळं वाच, मधलं गाळू नको.

तू जयंतीला आली होतीस तेव्हाची गोष्ट. बसस्टँडजवळ नवीन बुटीक निघालं (काचेचं दार, आणि दारात बिनमुंडक्याची बाहुली, तिच्या अंगात ब्लाऊज), म्हणून मी जरा काळजीत होते. तू म्हणालीस, आत्या, घाबरायचं न्हाई, आजकाल आधी माल विकायचा नसतो, आधी गिऱ्हाईकाचा विश्वास कमवायचा. फुकट ज्ञान द्यायचं, खऱ्या गोष्टी सांगायच्या, व्हिडिओ टाकायचे, विश्वास बसला की गिऱ्हाईक आपसूक येतं. ह्याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात आणि पुण्यात ह्याचा तुला पगार मिळतो म्हणे. (देणाऱ्याचं भलं होवो.) माझ्या ओठावर आलं होतं, की बाई, ह्या गावच्या बाया इतकी वर्षं मला अंगाचं माप देऊन राहिल्या ते काय अविश्वासानं? पण तू शिकलेली लेक, मी गप बसले. तिथंच चुकलं.

व्हिडिओ काढायला तुझे मामा, तिकडून टाकायला तू. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, कॅमेरा सुरू करताना “जाऊ द्या!” म्हणायचे आणि माझं वाक्य अर्ध्यात असताना टिंग करून थांबवायचे. पहिला व्हिडिओ केला, घरच्या घरी माप कसं घ्यावं. आता टेप असतो का कोणाच्या घरी? दुसऱ्याच दिवशी आपला दूधवाला देविदास बायकोचं माप सुतळीला गाठी मारून घेऊन आला. कोणती गाठ कशाची ते त्यालाबी आठवंना. मग बाप्या भर दुकानात स्वतःच्याच छातीला सुतळी गुंडाळून आठवून पाहू लागला आणि बाहेर पोरं जमली! मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं आणि बायकोला घेऊन ये म्हणलं.

दुसरा व्हिडिओ, चांगली शिलाई कशी ओळखावी. हेबी तूच सुचवलं होतंस. झालं, बायांना ज्ञान मिळालं आणि परीक्षा माझी सुरू झाली. ब्लाऊज उलटा करायचा, उन्हात धरायचा, टाके ओढून बघायचे. कमलबाई, जिच्या लग्नापासूनचे ब्लाऊज मी शिवले, ती नातवाच्या दप्तरातलं भिंग घेऊन आली. मी म्हणलं, बाई, ब्लाऊज बघून राहिलीस का गव्हातले किडे? तर म्हणे, तुमीच सांगितलं ना व्हिडिओत.

मी तुला रागानं फोन केला, तर तू म्हणालीस, थांब जरा, वेळ लागतो, आता एखाद्या गिऱ्हाईकाची खरी गोष्ट सांग, मनाला भिडणारी, फक्त नाव घेऊ नको. मी नाव घेतलं न्हाई. एवढंच सांगितलं की, माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे. दर वेळी जुनंच माप सांगते. मी काही बोलत न्हाई. डोळ्यानं बघते तेवढं हळूच वाढवते, आत दोन्हीकडून जास्तीचं कापड दाबून ठेवते (त्याला आमी माया म्हणतो), आणि ती घालून बघते, खूश होते आणि सांगते, बघ, माझं माप बदललंच न्हाई. बस, एवढंच. मामा म्हणाले, टिंग, छान झालं.

काय छान झालं! नाव घेतलं असतं तर एक बाई रागावली असती. नाव घेतलं न्हाई म्हणून अख्खं गाव रागावलं. ज्या ज्या बाईचा ब्लाऊज मी जन्मात कधी उसवला, तिला तिला वाटलं, ही मीच. कमलबाई बोलायची बंद झाली. भिकाबाई, जी सुपात घालून पाखडली तर उडून जाईल, ती दारात उभी राहून म्हणाली, मला लठ्ठ म्हणतीस व्हय? मी कपाळाला हात लावला. आणि मिराबाई आली ती सरळ कपाटापाशी गेली. तिच्या लेकीच्या लग्नाचं सगळं काम माझ्याकडं होतं, ते गाठोडं बांधून काचेच्या दाराकडं चालती झाली. ऐन लग्नसराईत, पल्लवे! एकीचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी, कपाट रिकामं. मशीनवर बसून मी मामांच्या लुंगीला टिपा मारून राहिले, कारण दुसरं शिवायला काही नव्हतं. रडूबी आलं, खोटं काहून बोलू.

आणि तू काय केलंस? तू हसणारी तोंडं पाठवलीस. खाली लिहिलंस, “आत्या, भारीच! कोण गं ती बया? मला तरी सांग!” त्या दिवशी फोन ज्वारीत गेला.

मग पौर्णिमेला विहारात वंदना झाली, आणि बायांनी मला दारात गाठलं. मिराबाई पुढं. तिचं म्हणणं असं, की पद्माबाई, नाव सांगून टाका, म्हणजे बाकीच्या आमी सुटलो, कापड उद्या परत आणतो. सोपं होतं बघ. एक नाव सांगायचं आणि दुकान वाचवायचं. पण माझं डोकं असं सणकलं! मी म्हणलं, ठेवा तुमचं कापड तुमच्याजवळ. दुकानाला कुलूप लावीन, लोकाच्या वावरात निंदायला जाईन, पण कोणाचं माप ह्या तोंडातून निघणार न्हाई. सासूनं विचारलं तरी सुनेचं सांगितलं न्हाई, नवऱ्यानं विचारलं तरी बायकोचं सांगितलं न्हाई, आता तुमाला सांगू व्हय? व्हिडिओत बोलले तीच चूक झाली, दुसरी करणार न्हाई.

मग भिकाबाई हळूच म्हणाली, “म्हंजे माजंबी कोणाला सांगणार न्हाईस?” मी म्हणलं, मेले तरी न्हाई. ती म्हणाली, मग ठीक हाय, आणि चप्पल शोधू लागली.

सकाळी दुकान उघडते तर मिराबाई गाठोडं घेऊन पायरीवर बसलेली. म्हणाली, काचवालीकडं माप घेताना पोरगी मोठ्यानं आकडे ओरडते, बाहेर रिक्षावाले ऐकतात. मग जवळ सरकून म्हणाली, दंडात जरा सैल ठेव आणि बोलू नको. दुपारपर्यंत कमलबाईबी आली, भिंग न घेता. तर कपाट पुन्हा भरलं आहे, माझी पाठ मोडून राहिली आहे, आणि ह्यात तुझ्या कंटेंटचा काडीचा हात न्हाई, हे लिहून ठेव.

दादा-वहिनीला जय भीम सांग, होणाऱ्या जावईबापूंना आशीर्वाद, आणि तुझ्या मार्केटिंगला लांबूनच हात जोडते.

तुझी (अजून रागातच असलेली),
पद्मा आत्या

ता. क. : तो व्हिडिओ तिकडून काढून टाक. मामांना येत न्हाई, ते नुसते टिंग करतात.

ता. क. : काढू नको. आत्ताच सेनगावहून दोघी बहिणी जीप करून आल्या. विचारत होत्या, न बोलता वाढवणारी टेलरीण हीच का? चार साड्यांचे ब्लाऊज टाकून गेल्या. राहू दे सध्या.

ता. क. : शेवटचं. कोण ती बया, म्हणून तू विचारलं होतंस. नाव मी कोणालाच सांगत न्हाई, तुलाबी न्हाई. आता पार्सलातला ब्लाऊज घालून बघ. कॉलेजातलं माप पाठवलं होतंस तरी बराबर बसेल, ह्याआधीचे बसले तसाच. जयंतीला गळ्यात पडलीस तेव्हाच माझ्या हाताला कळलं होतं. आत माया भरपूर ठेवली आहे, साखरपुड्यात पोटभर जेव. लग्नाच्या ब्लाऊजला मात्र खरं माप पाठव, आणि सुतळीवर पाठवू नको.