पाणसळ बिघडली आहे

४ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी.

रेसच्या ट्रॅकवरचा पहिला दिवस. गाडी झकास. मी त्याहून झकास. एकच बारीकशी गोष्ट. शेवटच्या आधीचं ते लांब उजवं वळण आहे ना, संपता संपत नाही, तिथे तेलाचा लाल दिवा लुकलुकला. वळण संपलं, दिवा गेला.

सेन्सर खराब. दुसरं काय असणार? तेल फुलच्या खुणेवर आहे, मी स्वतः सकाळी घरच्या शेडमध्ये तपासलंय.

दातांच्या एका डॉक्टरकडे हीच गाडी आहे, फक्त पिवळी. त्याचा दिवा लागला नाही म्हणे. मला म्हणाला, इथेच एकदा डिपस्टिक, तेलाची कांडी, काढून बघा. मी म्हटलं, मी घरी मापतो, थंड इंजिनात, शांतपणे. कारखान्यात क्वालिटी विभागाचा प्रमुख आहे मी. बावीस वर्षं लोकांचं काम रिजेक्ट करतोय. हा दात उपटणारा मला मापं घ्यायला शिकवणार!

बायकोला दिव्याचं बोललो नाही. फ्रीजवर करार चिकटवलेला आहे: इंजिन एकदा जरी खोलावं लागलं, तर गाडी विकायची. मजकूर तिचा, सही माझी. गाडीला ती सवत म्हणते.

११ फेब्रुवारी

सेन्सर बदलला. स्वतः. बोट कापलं.

गाडी धुतली. साबणाचं पाणी नेहमीप्रमाणे सगळं पुढच्या भिंतीशी, गाडीच्या नाकापुढे, जाऊन साचलं. अर्धा तास खराट्याने ढकलत होतो. ही शेड ज्याने बांधली त्याला माझ्या विभागात आणून उभं करायला हवं. लोकांना साधी फरशी घालता येत नाही.

डिपस्टिक तपासली. फुल. अगदी खुणेवर.

३ मार्च, रविवार

नवा सेन्सर. जुनाच दिवा. या वेळी अख्खं वळणभर लागला. नवीन मालही हल्ली असाच येतो.

पण दातवाल्याने (विचारलेलं नसताना) सांगितलं, की लांब वळणात तेल इंजिनाखालच्या चेंबरच्या एका कडेला सरकतं, तेल ओढणाऱ्या नळीचं तोंड उघडं पडतं, ती हवा ओढते आणि बेअरिंगं कोरडी फिरतात. हे मला माहीत होतंच. लक्षात नव्हतं इतकंच. त्याने चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या बसवल्यात, तेल पळू नये म्हणून. आणि म्हणे, तेल कायम फुल ठेवतो. तेल फुल ठेवणं यात काय पराक्रम? मीही ठेवतो.

रात्री जेवायला सासरे होते. त्यांना सगळं समजावलं. बशीत चहा ओतला, हा चेंबर, हे वळण, असं म्हणून बशी कलती केली. चहा त्यांच्या पायजम्यावर. बायको म्हणाली, पोचलं हो वळण. सासरे पायजमा पुसत म्हणाले, की जावईबापू, पातळ वस्तू उताराकडे जाते, एवढ्याच गोष्टीवर माझं चाळीस वर्षं पोट चाललं. ते गवंडी होते. मग विचारलं, की तेल मापताना गाडी सपाट जागी असते ना?

मी म्हटलं, मॅन्युअल मी पाठ केलंय.

त्यांनी जाताना पिशवीतून पाणसळ काढून दिली. लाकडी, मध्ये काचेची नळी, नळीत बुडबुडा. जागा सपाट असली की बुडबुडा मधोमध. एवढं तरी त्यांनी समजावायला नको होतं.

९ मार्च, शनिवार. सकाळी.

पाणसळ शेडच्या फरशीवर ठेवली. बुडबुडा दरवाज्याच्या टोकाला जाऊन बसला. टिचक्या मारल्या. ढिम्म.

शंका नको म्हणून शास्त्रीय पद्धतीने उलटी फिरवून ठेवली. बुडबुडा पुन्हा दरवाज्याकडेच! म्हणजे एका बाजूने नाही, दोन्ही बाजूंनी बिघडलेली आहे.

सासऱ्यांना फोन करून सौम्य शब्दांत कळवलं, की वस्तू जुनी झाली, त्यांचा दोष नाही.  ते म्हणाले, बरं. फोन ठेवला.

दुपारी बायको माझ्याशी बोलत नव्हती. त्या पाणसळीवर त्यांनी किती घरं बांधली, हे तिने मला न बोलता कसं सांगितलं कोण जाणे, पण सांगितलं.

पाणसळ खिळ्याला टांगून ठेवली. शोभेला बरी आहे.

१६ मार्च, शनिवार

गाडी मिस्त्रीकडे. चेंबर काढून पट्ट्या बसवून घेतल्या. आधी बायकोशी पाऊण तास वाद. तिचं म्हणणं, चेंबर उघडला म्हणजे इंजिन खोललं. माझं म्हणणं, चेंबर म्हणजे इंजिनाची चप्पल. चप्पल काढली म्हणजे माणूस उघडा होत नाही. हसली. जिंकलो.

मिस्त्रीने काम छान केलं. निघताना तीनतीनदा बजावलं, की पाच लिटर मोजून भरलंय, अगदी फुलवर, आता हात लावू नका. मिस्त्री लोकांना फार बोलायची सवय असते.

१७ मार्च. सकाळी साडेसात.

मला वाटलंच होतं!

शेडमध्ये डिपस्टिक काढली, तर तेल फुलच्या खुणेच्या चांगलं दोन बोटं वर. एवढं जास्त तेल म्हणजे फेस होणार, फेस म्हणजे हवा, हवा म्हणजे बेअरिंगं खलास. बरं झालं मी बघितलं. नाहीतर त्या गाढवाने माझ्या इंजिनाचा निकालच लावला होता.

बोल्ट सैल करून दीड लिटर काढलं. आता बरोबर खुणेवर. काढलेलं तेल कॅनमध्ये भरून फळीवर ठेवलं. फोन करून मिस्त्रीला झापणार होतो, पण मोठ्या मनाने सोडून दिलं.

स्वतःवर खूश आहे. हे रोज होत नाही.

७ एप्रिल, रविवार. सकाळी ६.१०.

आज बायको येणार. सासरेही येणार, त्यांना तिनेच बोलावलंय. बघू देत. पट्ट्या आहेत, सेन्सर नवा, तेल आत्ता तपासलं, फुल. दातवाल्याची फेरीची वेळ मोडायची. बायकोने एकदा नुसतं म्हणावं, की चांगली चालवतोस. बास. गेल्या वर्षभरात तिने हे म्हटलेलं नाही. मी मोजत नाही. पण म्हटलेलं नाही.

त्याच दिवशी. रात्री नऊ.

लिहायची इच्छा नाही. पण लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो.

पहिल्या दोन फेऱ्या उत्तम. तिसऱ्या फेरीत लांब वळणावर दिवा लागला. मी म्हटलं, आता पट्ट्या आहेत, आता तू माझं काय वाकडं करणार? पाय उचलला नाही. बायको कठड्याशी उभी होती, तिला हात दाखवला. चौथ्या फेरीत दिवा वळण संपल्यावरही गेला नाही. मग पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज. मग काहीच आवाज नाही. गाडी गवतात जाऊन उभी राहिली. किल्ली फिरवली, तर इंजिन हलेना.

दोरीने ओढत आणली. सगळ्यांसमोरून. दातवाला धावत आला, त्याने सपाट सिमेंटवर गाडी उभी केली, थोडं थांबला आणि डिपस्टिक काढली. टोकाला पुसटसा ओलावा. पुसून पुन्हा घातली. तेच. त्याने कांडी माझ्यासमोर धरली. 

सासऱ्यांनी विचारलं, तेल कुठे मापता? म्हटलं, शेडमध्ये. त्यांनी मान हलवली आणि थर्मासमधला चहा मला दिला. कपात. बशी नव्हती.

९ एप्रिल

मिस्त्रीने इंजिन खोललं. साडेतीन लिटर निघालं. पाच असायला हवं. बेअरिंगं वितळलेली, एक रॉड वाकलेला. पट्ट्यांना काही झालेलं नाही. पट्ट्या तेल अडवतात, म्हणाला, पण अडवायला तेल लागतं.

त्याने विचारलं, की बाकीचं गेलं कुठे. म्हटलं, उन्हाने उडालं असेल. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी कारखान्यात नव्या पोरांकडे पाहतो तसं.

मग कागदावर चित्र काढून दाखवलं. या गाडीची डिपस्टिक इंजिनाच्या पुढच्या टोकाला आहे. गाडीचं नाक उताराला असलं, की तेल पुढे येतं, कांडी फुल दाखवते, आणि आत असतं कमी.

बशीतला चहा. मीच दाखवला होता.

घरी आलो तर बायकोला फळीवरचा कॅन सापडला होता. झाकण उघडून तिने वास घेतला. वर लिहिलेलं वाचलं, माझंच अक्षर: जादा तेल, दीड लिटर, १७ मार्च. ओरडली असती तर बरं झालं असतं. फ्रीजवरचा कागद अलगद काढला, घडी घातली आणि खणात ठेवला. म्हणाली, मला ती आवडायला लागली होती रे. सवत.



२१ एप्रिल, रविवार

काल गाडी गेली. इंजिनासकट, म्हणजे इंजिनाच्या तुकड्यांसकट. घेणाऱ्याने विचारलं, काय झालं होतं? म्हटलं, तांत्रिक.

शेड रिकामी. सकाळी उगीच फरशी धुतली. पाणी पुढच्या भिंतीशी गेलं. उभा राहून बघत होतो. गेलं दीड वर्ष बघतोय.

पाणसळ खिळ्यावरून काढली. फरशीवर ठेवली, बुडबुडा दरवाज्याकडे. बाहेर रस्त्यावर सपाट जागी ठेवली, बुडबुडा मधोमध. उलटी फिरवली. मधोमध. जेवणाच्या टेबलावर ठेवली, मधोमध. घरात जिथे जिथे ठेवली तिथे तिथे मधोमध.

सासऱ्यांना फोन केला. म्हटलं, पाणसळ बरोबर आहे. ते म्हणाले, हो. एवढंच. मग म्हणाले, आणून द्या सवडीने, नाहीतर ठेवा तुमच्याकडेच, तुम्हाला जास्त लागेल.

उद्यापासून बायकोची गाडी शेडमध्ये लागणार. तिने विचारलं, माझ्या गाडीचं तेल बघत जाशील का? मी आनंदाने हो म्हणणार, तेवढ्यात तीच म्हणाली, नको, राहू दे. मी बघते. रस्त्यावर नेऊन.