दोनशे अकरावा क्रमांक

कोपरी, ठाणे (पूर्व)
मार्च १९९४

प्रिय मालन,

लोक पत्राची सुरुवात खुशालीने करतात, मी तक्रारीने करतो. गेला पंधरवडा मी भर दुपारी दिवा लावून काम करतोय. आमच्या एकुलत्या एका खिडकीवर बाहेरून कापडी फलक ठोकलाय. रस्त्यावरच्यांना तो सांगतो, 'जागतिक क्रमवारीत कोपरीची अर्थसंशोधन संस्था! अभिनंदन!' मला आतून फक्त उलटं 'नंदन' दिसतं. वारा बंद, उजेड बंद. खालच्या गिरणीचं पीठ तेवढं नेमाने वर येतं. आणि या सगळ्याला तू जबाबदार आहेस.

तुला ठाऊक आहेच, तरी सांगतो. दरवर्षी जगभरच्या अर्थशास्त्र्यांकडे तो छापील कागद येतो: स्वतःची सोडून, तुम्हाला मोलाच्या वाटणाऱ्या पाच संस्थांची नावं लिहा. त्यावरून क्रमवारी लागते. यंदा तुझी हॉलंडची संस्था नववी आणि आमची दोनशे अकरावी. यादीत एकूण संस्था दोनशे अकरा. आमचे संचालक विठ्ठलराव, त्यांना हे मी हळूच दाखवलं, तर म्हणाले, "अरे राघो, शेवटचे तर शेवटचे, पण जगात! कल्याणवाल्यांचं नावसुद्धा नाही त्यात!" लगेच पेढे आले. गिरणीवाल्या पोपटने विचारलं, "साहेब, दोनशे अकरा म्हणजे मार्क ना?" मी हो म्हणालो. एवढा आनंद मोडवला नाही.

आम्हाला मत एकच पडलेलं. समोर देश छापलाय: हॉलंड. आता हॉलंडमध्ये कोपरीचं नाव कोणाला उच्चारता येतं, हे शोधायला अर्थशास्त्र लागत नाही.

खरं सांगू? मला राग आला. शिष्यवृत्ती एकच होती, ती तुला मिळाली, ठीक. पण नवव्या नंबरवरून खाली वाकून माझ्या हातावर एक मत ठेवायचं, हे जरा जास्त झालं. तुझी ती कालव्यांची, ट्यूलिपची पोस्टकार्डं मी भिंतीला लावतो, पण चित्र भिंतीकडे करून. मजकूर तेवढा माझ्याकडे. विठ्ठलराव म्हणतात, "चित्र छान असेल ना रे?" असेल.

त्याच रागात आपला जुना अहवाल काढला. चेंदणीच्या कोळीवाड्यातला, मासळीच्या वाटणीवरचा. म्हटलं बघू, दयेशिवाय यात मत देण्यासारखं काय आहे. माणसांच्या वाट्याबरोबर होडीचाही एक वाटा का काढतात, हे मी तुझ्या बाबांना विचारलेलं, आठवतं? ते म्हणालेले, "उद्या ती फुटली तं तुजा कागद वल्हवू काय?" तक्ते माझे, प्रश्न तुझे. मालन, अहवाल चांगला आहे गं. पीठ झटकून वाचला तरी चांगला आहे. म्हणजे दया नव्हती. मग तर माझी आणखीच पंचाईत झाली, कारण दयेवर निदान रागावता येतं.

मग सूड म्हणून तुझा गेल्या वर्षीचा निबंध चूक शोधायला वाचला. तीनदा. एक स्वल्पविराम सापडला.

पुढच्या क्रमवारीचा कागद आठवडाभर टेबलावर पडून होता. चार नावं झटकन लिहिली, सगळी तुझ्याहून वरच्या संस्थांची, मुद्दाम. पाचवी ओळ कोरी. विठ्ठलराव रोज म्हणत, "दिल्लीवाल्यांचं टाक, उद्या उपयोगी पडतील." आणि मला माझी आई आठवत राहिली. तुझी आई, बायजामावशी, वाटीभर जवळा पाठवायची. आई ती वाटी कधी रिकामी परत करायची नाही. घरात काही नसलं तर तळाला चिमूटभर साखर. एकदा दोघींचं नळावर कडाक्याचं भांडण झालेलं, चार दिवस बोलणं बंद. तरी वाटी साखरेसकटच गेली. आई म्हणाली, "भांडण माझं आहे, वाटी तिची आहे."

तेव्हा कळवायचं ते एवढंच: आज सकाळी पाचव्या ओळीत तुझ्या संस्थेचं नाव लिहिलं आणि कागद पोस्टात टाकला. यामुळे तुम्ही आठवे झालात तर मला फार वाईट वाटेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. पण वाटी परत केलीय.

तुझाच,
फलकामागचा राघो