टेबलावर ठेवलेली तलवार

३ नोव्हेंबर, सोमवार
२९ तारखेच्या पानावर चूक आहे. तिथे लिहिलंय, "कविताने तलवार मागितली, मी विषय बदलला." कविताने मागितली नव्हती. अभ्यासिकेत सराव पेपर होता. ती शेजारी. तिचा हात थरथरतो, उत्तराचा गोळा रंगवताना शाई बाहेर जाते. मी गळ्यातली बोटाएवढी तलवार काढून तिला दिली. दोन तास डाव्या हातात धरून ती म्यानातून काढत होती, घालत होती. टक. टक. एकही गोळा बिघडला नाही. परत देताना तिने तलवारीकडे पाहिलं. फक्त पाहिलं.
"मागितली" हा माझा शब्द. तो लिहिला की मला नाही म्हणायचा हक्क मिळतो.
जुनं खोडत नाही. दुरुस्ती इथेच.
हेही तेव्हा लिहिलं नव्हतं : त्याच संध्याकाळी घरी, धाडला जाणाऱ्या गाडीत बसल्यावर मनात ठरवलं होतं की ही तिला द्यायची. पण २३ तारखेची परीक्षा झाल्यावर. तोवर मला लागते.

५ नोव्हें., बुधवार. पौर्णिमा
विहारात वंदना. पंचशीलातल्या दुसऱ्या शीलाशी अडखळले. न दिलेलं घेणार नाही. मनाने देऊन झालेलं ठेवून घेतलं तर ते कशात मोडतं? कोणाला विचारलं नाही. हसतील.
३१ तारखेचं नीट लिहून काढते.
क.चा अभ्यासिकेतला शेवटचा दिवस. पुस्तकं पिशवीत भरत होती. "झालं वं माह्यं. बाबा म्हन्ते, दोन डाव परीक्षा देऊन झाली, आता घरी ये. कापूस वेचाले मानसं भेटत नाहीत."
"आणि २३ चा पेपर?"
"पाहू."
मी तलवार काढली आणि टेबलावर, तिच्यासमोर ठेवली. आमच्या घरी विळा, कात्री, सुरी हातात देत नाहीत. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. हातात दिली की भांडण होतं. आई मानते, बाबा मानत नाहीत. मी मानत नाही असं सांगते, पण माझा हात मानतो. वाटलं, तिच्याही घरी हेच असणार, ती उचलेल.
तिने तलवारीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "येते वं," म्हणाली आणि गेली.
मी तोंडाने एक शब्द बोलले नाही. थोड्या वेळाने तलवार परत गळ्यात घातली.

८ नोव्हें., शनिवार
ही तलवार मामेबहिणीने फोनवरून मागवून दिली, मी अंगठ्याची कातडी सोलते म्हणून, हाताला चाळा. चिनी घडणीची, धातूची. तेव्हापासून अंगठा बरा आहे. पण गळ्यात काय घालते ते कधी पाहिलं नव्हतं. आज वाचलं.
त्यांच्याकडे तलवारी दोन जातीच्या. एका बाजूला धार ती सैनिकाची. सरळ, दुधारी, ती शिकलेल्या माणसाची. जन्मात लढाई न केलेले विद्वानही कमरेला लावायचे. पीच झाडाच्या लाकडाची करून घरात टांगतात, वाईट आत येऊ नये म्हणून. आणि मंजुश्री बोधिसत्त्वाच्या उजव्या हातात तलवार असते, ती अज्ञान कापते. हे वाचून फार बरं वाटलं.
जेवताना सांगितलं. बाबांनी गवंडीकामाच्या खरखरीत बोटांनी उलटीपालटी करून पाहिली.
"धार तं नाही याले. मंग तलवार काऊन म्हन्ते?"
"ज्ञानाची आहे, बाबा."
"मंग तुह्याच गयात राहू दे. या घरात शिकलेली तू एकलीच हायेस."
आता देणं आणखी अवघड.

११ नोव्हें., मंगळवार
चीनमधलीच एक जुनी गोष्ट सापडली. एक राजपुत्र दुसऱ्या देशी राजदूत म्हणून निघाला. वाटेत एका लहान राज्याच्या राजाने त्याची तलवार पाहिली. आवडली, पण बोलला नाही. राजपुत्राला कळलं. दौऱ्यावर तलवार लागणार म्हणून मनात ठरवलं, येताना देऊ. येईपर्यंत राजा वारला होता. त्याने ती थडग्याजवळच्या झाडाला बांधली. सोबतचे म्हणाले, आता कोणाला देता? तो म्हणाला, मनाने तेव्हाच दिली होती.
दोनदा वाचली. तो "दौरा झाल्यावर", मी "परीक्षा झाल्यावर".
पण क. जिवंत आहे. मोताळ्याच्या पुढे, धामणगाव बढ्याला कापूस वेचते आहे.

१४ नोव्हें., शुक्रवार
फोन लावला. तिच्या भावाचा फोन, त्याने दिला तिला.
"काऊन फोन केला?"
"हॉलतिकीट काढलंस का?"
"काढून काय करू? कोन येऊन राह्यलं पेपरले."
मग तीच म्हणाली, "तू तं त्या दिवशी तलवार मधात ठेवली आपल्या. म्या म्हटलं, चला, हेही संपलं. नापास पोरीसंग कोन बसते."
हे मला सुचलंच नव्हतं. चौदा दिवस ती हे घेऊन वेचणी करते आहे.
"नाही वं, ते तसं...", एवढं म्हणाले, तेवढ्यात भावाला फोन हवा होता.
दोघींच्या घरी एकच रीत असेल असं मी धरून चालले. विचारलं नाही.

१६ नोव्हें., रविवार
तिचा अर्ज मीच भरला होता, पासवर्ड माझ्या वहीत आहे. तिचं हॉलतिकीट दोन मिनिटांत निघेल. उघडलं नाही. तिला न विचारता कसं उघडू? पण विचारायचं तर तोंडानेच.
माझं काढलं. सूचना क्र. ७ : धातूची कोणतीही वस्तू आत नेता येणार नाही. म्हणजे तलवार हॉलमध्ये तिलाही नाही, मलाही नाही. ज्या दोन तासांसाठी ठेवून घेतली त्यांतच ती बाहेरच राहणार होती. हसू आलं, एकटीलाच.
मग दिवसभर काढून ठेवून पाहिली. चार वाजेपर्यंत अंगठ्यातून रक्त.

१८ नोव्हें., मंगळवार
बाबांना सांगितलं की देणार आहे. बराच वेळ थापी धूत बसले.
"तिच्या घरी शिकलेली कोन हाय?"
"तीच."
"मंग बराबर हाय."
आईला वेगळं विचारलं, टेबलावर ठेवण्याचं सगळं सांगून. वाटलं होतं, खालीच ठेव म्हणेल. आई भाकरी थापत होती. "आता हातात दे."
"आणि भांडण झालं तर?"
"होऊ दे. भांडाले तं बोलंन ते तुह्यासंग."
अंगठ्याला चिंधी बांधली आहे. पेन नीट धरता येतं, बघितलं.
क. दारातूनच परत पाठवील. किंवा तलवार घेईल आणि पेपरला येणार नाही. किंवा तिचे बाबा घरी असतील, त्यांच्यासमोर मला बोलता येणार नाही. तिन्हींची उत्तरं तयार केली होती, खोडली. पहिलं वाक्य तेवढं ठेवलंय : ही तुझी आहे, २९ तारखेपासून.
उद्या सराव पेपर आहे, तो तलवारीशिवाय देते. पासवर्डची वही पिशवीत घातली.
परवा धाडहून पहिली गाडी, बुलढाण्याला बदलून मोताळामार्गे धामणगाव बढे. गुरुवार, २० नोव्हेंबर.