चटई न पांघरता मागितलेली माफी

प्रिय तेलेसियाताई,

तुला आणि भाऊजींना धाकट्या अकेनेसेचा आदरपूर्वक नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? ऑकलंडच्या थंडीत तो नेमका प्रार्थनेच्या वेळी धरतो, असं तू लिहिलं होतंस (शाळेतल्या मदर सेलेस्टीन असत्या तर म्हणाल्या असत्या, दुखरा गुडघा देवाला जास्त ऐकू येतो). माझी तब्येत उत्तम आहे, फक्त डोक्याचं काही खरं नाही. गेले काही आठवडे मी एक गोष्ट रोज समजून घेते आहे, आणि रोज ती आदल्या दिवसापेक्षा कमी समजते आहे. तेच सांगायला बसले आहे. नीट सांगता येईलच असं नाही.

आपल्या बेटावरच्या महिला समितीच्या चटया, पंखे, टोपल्या परदेशातली आपली मुलं मोबाइलवरून घेतात, हे तुला ठाऊकच आहे. ते पैसे एक कंपनी आपल्या खात्यात ठेवते. (ती कुठे असते विचारू नकोस. मला वाटायचं, राजधानीत, आपियाच्या बाजारामागे असेल.) त्या पैशांतून यंदा फिलोमेना आजीला न्यूझीलंडला पाठवायचं समितीनं ठरवलं होतं. आजीची लेक तिथे पार दक्षिणेला मटणाच्या कारखान्यात असते, आणि नातीचं चर्चमधलं पहिलं कम्युनियन आहे. नात सात वर्षांची झाली, पण आजीनं तिला अजून फोटोतच पाहिलंय. आजीनं तिच्यासाठी पांढरा झगा शिवला, व्हिसा आला, पेटी बांधून झाली, आणि त्याच आठवड्यात कंपनीनं नव्या अटी पाठवल्या. मान्य म्हणेपर्यंत खात्यातले पैसे हलणार नाहीत.

दुसरी कुणी बटण दाबून मोकळी झाली असती. पण आपल्याला मदरनी शिकवलंय ना, वाचल्याशिवाय सही नाही. (आठवतं, सहलीच्या चिठ्ठीवर तू न वाचता सही केलीस म्हणून जेवणाआधी ती सगळ्यांसमोर वाचायला लावली होती? खळ घातलेल्या कॉलरमुळे तुझी मान वळत नव्हती. मी बाकावर तोंड लपवून रडत होते, तुला वाटलं हसते आहे.) शिवाय खातं समितीचं, मग मी एकटीनं मान्य कसं म्हणायचं? मान्य म्हणजे सगळ्यांनी बसून, बोलून मान्य. तेव्हा समितीच्या घरात सगळ्या जमल्या, नीरफणस भाजले, आणि मी एकेक अट वाचून आपल्या भाषेत सांगू लागले. मधोमध आपल्या प्रमुख, सावेआकाकू, पंख्यानं वारा घेत बसल्या होत्या.

भांडण इथे झालं तरी निवाडा अमेरिकेतल्या कुठल्याशा कोर्टात, इथवर सगळ्या नीरफणस सोलत ऐकत होत्या. पैसे का अडवले ते कंपनी सांगेल किंवा सांगणार नाही, यावर तर माना डोलल्या (आपल्या बोटीचं वेळापत्रकही तसंच आहे). मग ते कलम आलं. कंपनीमुळे आमचं काही नुकसान झालं, तर तिला आणि तिच्या सगळ्या अधिकाऱ्यांना आम्ही आधीच दोषमुक्त केलं आहे.

काकूंचा पंखा थांबला. "म्हणजे माफी मागतायत?"

"तसंच काहीसं," मी म्हणाले.

"पण केलंय काय त्यांनी?"

"अजून काही नाही. पुढेमागे केलं तर."

"अगं बाई! आणि चटई?"

काकूंचं चुकलं कुठे, ताई? शेजारच्या गावच्या ट्रकनं बाबांचा पाय मोडला, तेव्हा तो ड्रायव्हर आणि त्याचे सगळे काका डोक्यावरून बारीक विणीची चटई पांघरून पहाटेपासून आपल्या अंगणात बसले होते. आईनं जाऊन चटई उचलली तेव्हा कुठे माफी झाली. मग सगळे रडले, आणि मग सगळ्यांनी कोको घेतला. इथे नुसतं बोट टेकवायचं आणि माफ करायचं? काकू म्हणाल्या, माफ करायला आमची ना नाही, पण माणसानं समोर तर यावं!

तसं मी कंपनीला शुद्ध इंग्रजीत कळवलं, की गुरुवारी यावं, उन्हात फार वेळ बसवणार नाही, चटई लगेच उचलू. उत्तर तत्काळ आलं. 'अकेनेसे, तुमचं म्हणणं आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचं आहे.' सगळ्यांना भरून आलं. गुरुवारी अंगण झाडलं, अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवली, आणि पांढरे कपडे घालून आम्ही रस्त्याकडे डोळे लावून आत बसलो. एक गाडी आली, पण ती पावाची होती. आम्ही सगळ्या त्या पाववाल्याकडे इतक्या क्षमाशील नजरेनं बघत होतो, की बिचाऱ्यानं मागच्या आठवड्याच्या शिळ्या पावांचे पैसे परत केले.

संध्याकाळी फिलोमेना आजी तो झगा मांडीवर घेऊन म्हणाली, "मी केलं त्यांना माफ. दाब गं ते बटण." मी दाबलं. तर पडद्यावर आलं, मुदत संपली, आता घराचा नंबर आणि रस्त्याचं नाव कळवा. आपल्या घरांना नंबर कुठले? मी लिहिलं, चर्चच्या पुढे, डुकरांच्या कुंपणापासून समुद्राकडे. कंपनीला तसा रस्ता सापडला नाही.

मग दुसरी सोय शोधली. दुसऱ्या कंपनीच्या अटी पहिलीपेक्षा लांब, आणि माफीचं कलम दोनदा. धक्क्यावरच्या बँकेलाही घराचा नंबरच हवा. फादर म्हणाले, प्रार्थना करा, तिलाही अटी आहेत पण त्या बदलत नाहीत. शेवटी आजी आणि मी बोटीनं आपियाला गेलो, तिकिटाच्या दुकानात नुसतं विचारायला. आजीच्या काखेत एक बारीक चटई होती. ती काकूंनी दिलेली. कंपनीची माणसं शहरात भेटलीच, तर बिचाऱ्यांकडे पांघरायला स्वतःची नसेल म्हणून.

दुकानदारीण काळ्या कपड्यांत होती. सासरे वारले होते, शनिवारी दफन, आणि दफनाला माहेरकडून द्यायच्या बारीक चटया कमी पडत होत्या. तिची नजर आजीच्या काखेकडे गेली. तिनं चटई उलगडली, विणीवरून अंगठा फिरवला. "कुणी विणली?" "मीच," आजी म्हणाली. बाईनं डोळे पुसले, चटई ठेवून घेतली आणि तिकीट काढलं. मी सवयीनं विचारलं, "आणि अटी?"

"पेटीत कच्चं मांस नको, मावशी," ती म्हणाली.

एवढंच! यात मला नक्की काय समजायला हवं होतं, ते तू सुज्ञ आहेस, तूच कळव. भाऊजींना सांभाळ. गुडघ्याला खोबरेल तेल, आणि तेही गरम.

तुझी धाकटी,
अकेनेसे

ता.क. हे पत्र जिनं हातात दिलं, तीच फिलोमेना आजी. तिला दारात उभं ठेवू नकोस. लेकीकडे जायचं पुढचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी आहे. लोकरीचे मोजे तुझे दे, भाऊजींचे मोठे होतील.

ता.क. २. एका चटईत जाण्याचंच तिकीट आलं. परतीच्या तिकिटावर नुसतं नाव घालून ठेवलंय, पैसे अजून त्या खात्यातच आहेत. तुझ्या घराला पितळी नंबर आहे, मी फोटोत पाहिलाय. समितीनं एकमतानं ठरवलंय, की यापुढे सगळे पैसे तुझ्याकडे मागवावेत आणि अडकलेलेही तूच सोडवून आणावेस. खरं तर हेच विचारायला पत्र लिहायला घेतलं होतं.

ता.क. ३. आजी इथे शेजारीच बसली आहे आणि काकूंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगते आहे, की परतीच्या पैशांसाठी कंपनीच्या फार मागे लागू नकोस. पोर सात वर्षांची आहे. तिला विणायला शिकवायचं, तर वेळ लागतो.