नुकसान : निरंक

२० सप्टेंबर २००८

गंगा, म्हणजे आमची नाशिकची गोदावरी, उतरली. पात्रातला दुतोंड्या मारुती काल दिसत नव्हता, आज छातीपर्यंत वर आला आहे. दोन्ही तोंडे सारखीच निर्विकार. सरकारी नोकरीत शोभला असता.

नदीकाठच्या पटांगणात गोजराबाईंचा तमाशाचा फड तालमींसाठी उतरला होता. दसऱ्याला मोसम सुरू, पहिला खेळ देवळ्याला ठरलेला. आज सगळी मंडळी महापालिकेच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात, बाकांवर भिजल्या साड्या वाळत घालून बसलेली. पाणी चढू लागलं तेव्हा हाताशी वेळ थोडा. त्यांनी काय उचललं? ढोलकी, हलगी, बाजाची पेटी, नाचाच्या कपड्यांच्या ट्रंका. भांडी गेली, अंथरुणं गेली, धान्य गेलं, आणि मुख्य म्हणजे खेळाचा तंबू गेला. निदान पिठाचा डबा तरी उचलायचा, असं मी म्हणालो. गोजराबाईंनी माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं पाहिलं.

"पीठ कुनीबी देतं, शास्त्रीबुवा. ढोलकी कोन देतं?"

ढोलकी वाजवणारे चिमाजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. गळ्याइतक्या पाण्यातून ती डोक्यावर धरून आले. अजून मांडीवरून खाली ठेवत नाहीत. ढोलकीच्या तोंडावरच्या काळ्या शाईवर पाण्याचा थेंब नाही. स्वतः मात्र खोकताहेत.

बातमी लिहिली. फार वर्षांनी मनापासून!

२२ सप्टेंबर

छापून आली. चौकटीत, फोटोसकट. मी घातलेला श्लोक संपादकांनी काढला — "पुरात गेला समजा." गोजराबाईंना त्यांच्या मुलाने, सोमाने, वाचून दाखवली. तक्रार एकच. मी त्यांचं वय साठ लिहिलं. मोसम तोंडावर असताना मी त्यांना म्हातारी केली म्हणे.

२५ सप्टेंबर

त्यांच्याबरोबर तहसील कचेरीत गेलो. रेशनकार्ड कळवणचं, म्हणून त्या नाशिकच्या पूरग्रस्त नाहीत. कळवणला पूर नाही, म्हणून तिथल्याही नाहीत. घर पडलं का? घर नव्हतंच, तंबू होता. तंबू हे घर नव्हे. न्यायशास्त्राचं एक वर्ष मी उगाच पाठशाळेत घालवलं, इथे फुकट शिकवतात.

कारकून सौजन्याने म्हणाला, कलावंतांसाठी वेगळी समिती आहे, तिकडे जा.

२६ सप्टेंबर

गेलो तिकडे. कलावंत साहाय्य समिती. सचिव गायधनी. तरुणपणी राज्य नाट्यस्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालेले, त्यामुळे अजूनही वाक्यावाक्याला थांबून टाळ्यांची वाट बघतात. समितीचं अनुदान वाहून गेलेल्या कलासाहित्यापुरतं, म्हणजे वाद्यं आणि वेशभूषा. राहण्या-जेवण्याचं तहसीलदार बघतात. आणि तंबू? तंबू "मंडपसामग्री"त मोडतो.

मी तावातावाने बोलू लागलो. त्यांनी शांतपणे फाइल उघडली. पहिल्याच पानाला माझी बातमी टाचलेली. खाली लाल शाईने शेरा : कलासाहित्याचे नुकसान — निरंक.

"काय सुंदर लिहिलंय हो तुम्ही," गायधनी म्हणाले. "ढोलकीवर थेंब नाही!"

वाद्यं बुडवून भांडी वाचवली असती तर आज मंडळी पात्र ठरली असती.

२७ सप्टेंबर

दसऱ्याआधी तंबू उभा राहिला नाही तर देवळ्याचा खेळ जाणार. पहिला खेळ गेला की पुढच्या जत्रा दुसरे फड घेणार आणि मंडळी पोटासाठी तिकडेच जाणार. गोजराबाई हे स्वयंपाकाला काय आहे-नाही सांगावं तशा सुरात सांगतात. दोन नाचणाऱ्या पोरींना आजच दुसऱ्या फडाचा निरोप येऊन गेला.

२८ सप्टेंबर

गायधनींना पुन्हा भेटलो. माणूस दुष्ट नाही, हाच त्रास आहे. दार लोटून हळूच म्हणाले, नवा अर्ज करा. बातमी आधीची आहे, नंतरही नुकसान होऊ शकतं. मी तपासणीला येईन तेव्हा वाद्य दिसलं नाही म्हणजे झालं. फक्त प्रत्येक कलावंताने आपलं नुकसान आपल्या तोंडाने सांगायचं. व्हिडिओ काढणार, देणगीदारांना दाखवायला.

शाळेत येऊन हे मीच सगळ्यांना समजावलं. वर विनोदही केला — जन्मभर रंगमंचावर खोटं बोललात, आता एकदा तिसरीच्या वर्गात बोला. सगळे हसले. चिमाजी हसले नाहीत. मी ढोलकीवर हात ठेवून पोटाला खाल्लं, तिच्याबद्दल खोटं कसं सांगू, असं काहीसं पुटपुटले. गोजराबाई म्हणाल्या, "भावजी, तिला काय ऐकू येतं का?"

३० सप्टेंबर

घटस्थापना. द्वारका चौकातल्या सलाउद्दीनच्या गोडाऊनमध्ये वाद्यं आणि ट्रंका हलवल्या. फडाला जनरेटर हाच पुरवतो. भाडं नको म्हणाला, "मोसम चलेगा तो मेरा भी चलेगा." चिमाजी ढोलकी स्वतः घेऊन येतो म्हणाले. म्हणालो, या सावकाश.

१ ऑक्टोबर

तपासणी झाली. गोजराबाई कॅमेऱ्यापुढे अशा रडल्या की शाळेच्या शिपायाने डोळे पुसले. गायधनींनी पुन्हा एकदा रडायला सांगितलं, पहिल्या वेळी पंख्याचा आवाज आला म्हणून. त्या पुन्हा रडल्या. पहिल्यापेक्षा सरस.

चिमाजींची पाळी आली. मला धास्ती होती, हा माणूस ऐन वेळी कच खाणार. ते सरळ उभे राहिले.

"ढोलकी गंगेत गेली," म्हणाले, आणि खाली बसले.

गायधनींना जरा कोरडं वाटलं. पण अर्ज मंजूर!

१ ऑक्टोबर, संध्याकाळ

सलाउद्दीनकडे गेलो होतो. सगळं सामान आहे, ढोलकी नाही. तो म्हणाला, चिमाजी इकडे आलेच नाहीत.

शाळेत येऊन विचारलं. चिमाजींनी सहज सांगितलं, काल घाटावर गेलो आन सोडली. सांगायचंच होतं तर खरं करून सांगितलं.

गोजराबाईंचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला.

"येडा झालाय ह्यो मानूस! खोटं बोलायचं तर बोलून मोकळं व्हायचं, त्याला खरं कशाला करायचं?" मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात : "आमच्या फडात वाजवनारा मेल्यावर त्याची ढोलकी पान्यात सोडत्यात, बुवा. जित्या मानसाची कुनी सोडली नाय अजून."

मी म्हणालो, नवी घेऊ. गोजराबाई बाकांवरच्या साड्यांच्या घड्या घालू लागल्या. माझं बोलणं तसं व्याकरणशुद्ध होतं.

५ ऑक्टोबर

अनुदान पास. गोजराबाईंनी मालेगावहून ताडपत्री आणि बांबू उधारीवर आणायला सोमाला धाडलं. दोन्ही पोरी थांबणार. देवळा नक्की. आनंदाची बातमी आहे. संपादकांनी मागितली, मी दिली नाही.

८ ऑक्टोबर

धनादेश वाटपाचा समारंभ. हार, समई, भाषणं. पूरग्रस्त कलावंत पहिल्या रांगेत बसलेले, आणि व्यासपीठावर त्यांच्या मदतीसाठी मुंबईहून आलेला गायक. त्याचं मानधन कुणी विचारलं नाही, मीही नाही. जेवण होतं.

शेवटी गायधनींनी चिमाजींना वर बोलावून समितीतर्फे नवी कोरी ढोलकी हातात दिली. रेशमी फीत बांधलेली. एक ठेका होऊ द्या म्हणाले. चिमाजींनी ती मांडीवर घेतली. शाईवर बोट टेकलं. बोट उचललं. शाई वली हाय, आज वाजायची नाय, असं म्हणून खाली उभ्या सोमाच्या हातात दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला, ते त्यांना ठाऊक.

मला दिसत होतं — शाई खडखडीत वाळलेली होती.

९ ऑक्टोबर

दसरा. फड सकाळीच देवळ्याला निघाला. सोनं द्यायला गेलो तर ट्रक सुटलेला.

१२ ऑक्टोबर

देवळ्याहून गोजराबाईंचा फोन. पहिला खेळ गच्च भरला, तंबू भक्कम आहे, ढोलकीवर सोमा बसला, बरा वाजवतो. चिमाजींचं काय, मी विचारलं.

"भावजी ना? बरे हायेत. दारावर बसत्यात. तिकिटं फाडत्यात."